ते पत्र मी लिहिलं होतं

आमचं वाचनालय हैदराबादला, तारनाक्याच्या एका आडगल्लीत आहे. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, लोखंडी गेट आणि गेटातून आत शिरल्यावर डाव्या हाताला सूचनांचा फळा. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही पंधरा-वीस मराठी माणसं तिथे जमतो. कुणी रेल्वेतून निवृत्त, कुणी बँकेतून, काही पुण्या-मुंबईहून इथल्या कंपन्यांत आलेली तरुण मंडळी. एखादं पुस्तक घेऊन त्यावर बोलायचं असा नियम आहे. बोलणं पुस्तकावरून कधी घसरतं ते कळत नाही, पण नियम आहे.

मी तेव्हा वाचनालयाचा चिटणीस होतो. रेल्वेच्या कचेरीत तीस वर्षं अनुवादक म्हणून काढली. साहेबांची भाषणं, परिपत्रकं, निरोपाची मानपत्रं, शोकसंदेश, सगळं माझ्या हातून गेलं. दुसऱ्याच्या नावाने नेटकं लिहायला मला छान जमतं. स्वतःच्या नावाने लिहायची वेळ फारशी आली नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात सीमेजवळच्या एका गावात भर बाजारात हल्ला झाला आणि निरपराध माणसं मेली. पहिले दोन दिवस आम्ही सगळेच सुन्न होतो. तिसऱ्या दिवसापासून टीव्हीवर नकाशे दिसायला लागले. विमानं कुठून उडतील, कुठे जाऊन बॉम्ब टाकतील, किती मिनिटांत परततील. मंत्र्यांची भाषा रोज थोडी थोडी चढत होती. आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवणारी माणसं आता कुठलं शहर आधी उडवावं यावर मतं देत होती.

त्या रविवारी बाईंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. मी सातवीत असताना त्या आम्हाला इतिहास शिकवत, इथल्याच मराठी शाळेत. आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. वाचनालयापासून तीन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. मी साठी ओलांडली, पण त्यांच्यासमोर अजून पायावर पाय टाकून बसत नाही.

"आज पुस्तक राहू द्या," त्या म्हणाल्या. "आपलं सरकार युद्धाकडे निघालंय. आपल्याला ते हवंय का? हवं असेल तर तसं म्हणा. नको असेल तर तेही म्हणायला हवं. गप्प बसलो तर सगळे हो म्हणाले असं धरून चालतील."

मग आमच्याच अपार्टमेंटमधला इंजिनिअर बोलला. हा पस्तिशीचा, पुण्याचा. मनापासून वाचणारा.

"मला हवंय, बाई. म्हणजे हौस नाही मला. पण त्या बाजारात बांगड्या विकणारी बाई मेली, तिच्या मुलीला टीव्हीवर बघितलंत ना? तिला काय सांगायचं आपण? आम्ही चर्चा करतोय?"

"तिला सांगायचं की ज्यांनी मारलं त्यांना शोधून काढू. पण त्यासाठी पलीकडची तिच्याच वयाची पोर मारणार नाही."

"हे इथे बसून बोलायला सोपं आहे."

"सोपं कुठे आहे रे? सोपं असतं तर विचारलं कशाला असतं?"

बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू म्हणाल्या, "सरकारला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. आपण कोण बोलणार?"

"असेल की जास्त," बाई म्हणाल्या. "मग ती आपल्याला विचारता येते."

मागच्या खुर्चीत सुभेदार बसले होते. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झाल्यावर सिकंदराबादलाच राहिलेले. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. इंजिनिअरच्या चेहऱ्यावरून वाटलं, आता आपल्या बाजूने कुणीतरी बोलणार अशी त्याची खात्री आहे.

सुभेदार खाली बघत म्हणाले, "हुकूम आला तर मी आजबी जाईन. त्ये वेगळं. पण आमच्यातला एकजण गेला तवा त्याची पेटी बांधायचं काम माझ्याकडं आलं. कपडे, आरसा, घरची पत्रं. आन् साबणाची अर्धी वडी. ती घरी पाठवायची का टाकून द्यायची, हे ठरवायला मला अर्धा तास लागला. टीव्हीवर वरडणाऱ्यांतल्या कुणी अशी पेटी बांधलेली दिसत न्हाई."

"मग पाठवलीत का?" काकूंनी हळूच विचारलं.

"पाठवली. कागदात गुंडाळून."

याच वेळी आमचे बाइंडर आले. अफझलगंजला एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. त्यांचे वडीलही आमची पुस्तकं बांधत. त्यांना मराठी वाचता येत नाही, अक्षरांच्या माथ्यावरची रेघ बघून ते पान उलटं-सुलटं ओळखतात. बहुतेक रविवारी ते येत, बांधलेली पुस्तकं ठेवत, फाटलेली घेऊन जात. ते दारात गठ्ठा घेऊन उभे होते, आणि इंजिनिअरने त्यांना सहज विचारलं, "भाई, आपको क्या लगता? जंग होना चाहिए?"

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण खोलीतल्या सगळ्यांनी बाइंडरकडे जसं पाहिलं, तसं त्या सकाळी दुसऱ्या कुणाकडेच पाहिलं नव्हतं. मीही तसंच पाहिलं.

"मैं क्या बोलूं साब," ते गठ्ठा खाली ठेवत म्हणाले. "हौ बोला तो बोलते, डर के बोल रहा. नक्को बोला तो बोलते, देखो, उधर का है. मेरेकू फटी किताबां दे देव, मैं जातूं."

ते गेल्यावर बराच वेळ पुन्हा वाद झाला. शेवटी ठरलं की एक पत्र लिहायचं. वाचनालयाच्या नावाने नाही. ज्यांना पटेल त्यांनी आपापल्या नावाने सही करायची. एक प्रत सरकारला पाठवायची, एक वर्तमानपत्रांना, आणि एक आपल्या फळ्यावर लावायची.

बाई माझ्याकडे वळल्या. "तू लिही. तुला लिहिता येतं."

मी लगेच हो म्हणालो. मला युद्ध खरंच नको होतं, हे मी आजही कुणाच्याही समोर सांगेन. पण बाईंनी चारचौघांत "तुला लिहिता येतं" म्हटलं याचा आनंद त्याहून मोठा होता, हेही आता सांगायला हवं.

चार दुपारी मी त्या पत्रावर बसलो. बायको झोपायची, मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचो. एकेक वाक्य तीन-तीनदा लिहिलं. त्यातलं एक मला अजून पाठ आहे: "ज्यांनी माणसं मारली त्यांना शिक्षा व्हावी, हे आमचंही म्हणणं आहे, पण युद्धात शिक्षा गुन्हेगाराला होत नाही, ज्याचं घर सीमेजवळ आहे त्याला होते." पत्र पुरं झाल्यावर मी ते बायकोला वाचून दाखवलं. तिने चष्मा वर सारून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मग कुणी?"

"नाही, चांगलं आहे. कधी नव्हे ते तुमचं वाटतं. सही करणार ना?"

"म्हणजे काय! अर्थात."

त्याच आठवड्यात शहरात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवून बघितले. आमच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरीने ग्रुपवर लिहिलं की कुणी देशाविरुद्ध बोलताना दिसलं तर कळवा. लिफ्टमध्ये दोघे बोलत होते, कुठल्याशा गावी एका मास्तरने काहीतरी लिहिलं म्हणून त्याला उचलून नेलं. ते खरं होतं की अफवा, मी कुणाला विचारलं नाही. मला ते खरं असायला हवं होतं. त्या दोन-तीन दिवसांत मी भाजी आणायला गेलो तरी मनात एकच चालू असायचं, सही न करण्याचं कारण काय सांगता येईल?

कारण मला जावयात सापडलं. माझा जावई इथल्याच एका संरक्षण प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहे.

दुसऱ्या रविवारी मी पत्र वाचून दाखवलं. वाचताना आवाज चांगला लागला. संपल्यावर बाई पेन शोधू लागल्या. त्यांनी पहिली सही केली. सुभेदारांनी दुसरी केली, नावापुढे आपली जुनी पलटण लिहिली. आणखी दोघांनी केली. इंजिनिअर म्हणाला, "मला हे पटत नाही, मी सही करणार नाही. पण लिहिलंय चांगलं, काका." काकूंनी मान हलवून नकार दिला. मग पेन माझ्याकडे आलं.

"माझी जरा अडचण आहे," मी म्हणालो. "जावई त्या खात्यात आहे. उगाच त्याच्या नोकरीला काही..."

"त्याने सांगितलं का करू नका म्हणून?" बाईंनी विचारलं.

"नाही, पण समजून घ्यायला हवं ना आपणच."

"बरं," बाई म्हणाल्या.

गृहपाठाची वही घरी राहिली असं सांगितलं की त्या असंच "बरं" म्हणायच्या. पुढे काही विचारायच्या नाहीत. मी मान खाली घालून पेन पुढे दिलं.

सभा उठली, लोक पांगले. मी पत्राची एक प्रत घेऊन फळ्यापाशी गेलो, तर टाचण्या गंजून मोडलेल्या. तेवढ्यात बाइंडर नवा गठ्ठा घेऊन आले. त्यांच्या पिशवीत खळीचा डबा असतोच.

"भाई, ये जरा चिपका देते?" मी विचारलं.

त्यांनी कागद हातात घेतला. "क्या लिखा है साब?"

"लडाई नक्को बोलके लिखा है."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आप बोल रहे तो चिपका देतूं." त्यांनी बोटांनी खळ लावली, मी वरचे दोन कोपरे धरले, आणि त्यांनी तळव्याने कागद असा दाबून बसवला की एक सुरकुती राहिली नाही. गेटाशी वॉचमन खुर्चीत बसून हे पाहत होता.

सोमवारी कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढून गावभर पाठवला. खाली चार सह्या स्पष्ट दिसत होत्या. मंगळवारी संध्याकाळी दहा-बारा जण वाचनालयात आले. पत्र फाडायला गेले, पण खळ पक्की होती, कागद निघेना. शेवटी त्यांनी फळाच उखडून तोडला. जाताना वॉचमनला विचारलं, हे लावलं कुणी? तो घाबरलेला. त्याने सांगितलं, बुक बाइंडरने लावलं.

एका रात्रीत गोष्ट बदलली. बुधवारी सकाळी मला दूधवाल्याच्या दुकानापाशी जी गोष्ट ऐकू आली तिच्यात बाई भोळ्या होत्या, सुभेदार म्हातारे होते, आणि एका बाइंडरने आपल्या साध्या माणसांना पुढे करून आपल्या गल्लीत हा कागद डकवला होता. ही गोष्ट सगळ्यांना सोयीची होती. सांगणारा आमच्याच सभासदांपैकी होता. मी "काय तरी एकेक!" असं काहीतरी म्हणालो आणि दुधाची पिशवी घेऊन घरी आलो.

दुपारी वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला.

"अहो, मी त्या बाइंडरला फोन केला होता. तो म्हणतो, चिटणीससाहेबांनी लावायला सांगितलं. असं काही झालं का?"

हॉलमध्ये बायको भेंडी चिरत बसली होती. मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो.

"मी? छे हो. मला तर असं काही आठवत नाही."

"तेच मी म्हटलं त्याला. त्यांनी तर सहीसुद्धा केली नाही, म्हटलं."

"नाही केली," मी म्हणालो.

हे शेवटचं खरं होतं, आणि त्याच्या आधाराने आधीचं खोटं उभं राहिलं. अध्यक्षांना दुसरा प्रश्न पडला नाही. मी आत आलो. बायकोने विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, कार्यकारिणीची बैठक आहे संध्याकाळी.

त्या बैठकीत आम्ही सहा जण होतो. बाई आणि सुभेदार कार्यकारिणीत नव्हते, आणि बाकीच्या पाचांपैकी त्या दोन रविवारी कुणी आलं नव्हतं. अध्यक्षांच्या घरून चुडवा, म्हणजे इथला पोह्यांचा चिवडा, आला होता. कुणीतरी विचारलं, पत्राचा मसुदा कुणाचा? दुसरे एकजण म्हणाले, बाईंचाच असणार, असं दुसरं कोण लिहितंय? मी इतिवृत्ताच्या वहीत तारीख घालत होतो. मी मान वर केली नाही.

अध्यक्ष म्हणाले, "लिहा. बाइंडरचं काम बंद करण्यात येत आहे."

"बंद कशाला?" मी म्हणालो. "स्थगित म्हणू या. सभासदांच्या भावना लक्षात घेऊन, पुढील निर्णय होईपर्यंत स्थगित."

"वा! हे बरं आहे. माणसाला दुखवायला नको."

आणि मला त्या क्षणी खरंच वाटलं की मी त्या माणसासाठी काहीतरी केलं. घरी चालत येताना मी स्वतःवर खूश होतो. या सगळ्यातलं ते खूश होणं मला आज सर्वात जास्त बोचतं.

दुसऱ्या दिवशी सीमेवर मारा सुरू झाला. सकाळी नऊच्या सुमाराला ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "चला, त्या बाईंना विचारू या, आता काय म्हणणं आहे." त्याखाली अंगठे उठायला लागले. मी पायात चपला घातल्या. जिन्यापर्यंत गेलो. तिथे उभा राहून विचार केला की मी एकटा जाऊन काय होणार, पोलिसांना फोन करावा का, पण फोन केला तर नाव सांगावं लागेल. मग परत येऊन चपला काढल्या आणि टीव्ही लावला.

इंजिनिअर गेला. ऑफिसला निघाला होता, पाठीला बॅग तशीच. तो बाईंच्या गेटाला पाठ लावून उभा राहिला. हे त्याने मला नंतर सांगितलं, मी विचारलं तेव्हा, आणि तेही फार थोडक्यात. पंधरा-वीस जण आले होते, निम्मे त्याच्या ओळखीचे.

"काय म्हणालास त्यांना?"

"म्हटलं, मलाही युद्ध हवंय. पण या घरात कुणी शिरायचं नाही. अर्धा तास ओरडले आणि गेले."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. मग बाईंनी आत बोलावून पोहे खायला घातले, आणि आमचं परत त्याच विषयावर भांडण झालं."

तो हसला. माझ्याने हसवलं नाही.

काही दिवसांत मारा थांबला. एका संध्याकाळी बातमी आली की दोन्हीकडून बंदुका खाली ठेवायचं ठरलंय. जे जोरात लढा म्हणत होते त्यांनीच एकमेकांचं अभिनंदन केलं. ग्रुपवर पुन्हा फुलं यायला लागली. पत्राचं कुणी नाव काढेना. सरकारकडून उत्तर आलं नाही, आणि एकाही वर्तमानपत्राने ते छापलं नाही.

पुढच्या रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. बोलता बोलता बायकोने सगळं सांगून टाकलं, तुमच्यासाठी यांनी सही केली नाही हो, असं कौतुकाने. जावयाचा घास हातातच राहिला.

"माझ्यासाठी? मला विचारायचं तरी, बाबा. तुम्ही सही केली म्हणून माझं काय होणार होतं? आमच्याकडे डबा खाताना रोज याच्यावरून भांडणं होत होती. निम्मे जण नको म्हणणारेच."

"मला वाटलं, उगाच तुम्हाला त्रास..."

"तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत हे? माझं नाव घेऊन?"

तो चिडला होता आणि चिडलेलं दाखवत नव्हता. मुलीने विषय बदलला. मी आणखी भात वाढून घेतला, नको असताना.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. सुरुवात कशी करायची, कुठे थांबायचं, सगळं. त्या बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. समोर दोन कागद होते. एक पत्राची प्रत, दुसरी बैठकीच्या इतिवृत्ताची. सभासदांना ते मागितलं की मिळतं, आणि त्यांनी मागितलं होतं.

"स्थगित हा शब्द तुझा ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वाटलंच. पत्र आणि हा ठराव मी एकामागोमाग वाचले. दोन्हीत शुद्धलेखनाची एक चूक नाही."

मला खाली बसावंसं वाटलं, पण त्यांनी बस म्हटलं नव्हतं.

"बाई, ते पत्र चिकटवायला मीच सांगितलं होतं. आणि अध्यक्षांना मी..."

"मला माहीत आहे. वॉचमनला मी विचारलं. कोपरे कुणी धरले होते तेही त्याने सांगितलं. त्याला दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नव्हतं." त्यांनी चष्मा काढला. "मला कशाला सांगतोस? मी काय करू त्याचं? ज्याचं काम गेलं त्याला जाऊन सांग."

मला वाटलं होतं त्या रागावतील, मग थोड्या वेळाने चहा टाकतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्या दमलेल्या दिसत होत्या.

अफझलगंजला जायला मी आणखी आठ दिवस घेतले. जिन्याखालच्या त्या दुकानात जेमतेम दोन माणसं बसतात. बाइंडर शाळेच्या रजिस्टरांना पाठी चिकटवत होते. मला पाहून उठले, स्टूल पुसून दिलं, समोरच्या हॉटेलात बोटं दाखवून दोन चहा सांगितले. मी चहा येईपर्यंत थांबलो. मग सांगितलं. जेवढं जमलं तेवढं सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत, कारण तीस वर्षं कागदावर चोख हिंदी लिहिणाऱ्या मला तेव्हा एक धड वाक्य सुचत नव्हतं.

ते रजिस्टर दाबून धरून ऐकत होते.

"मेरेकू मालूम है साब. मैं वहींच था ना."

"मुझे माफ करना भाई."

"आप इतने दूर चल के आए, मैं ना कैसे बोलूं? माफ." त्यांनी रजिस्टर बाजूला ठेवलं. "पर एक बात बोलतूं. अध्यक्ष साब का फोन आया, तो मेरी घरवाली बाजू मेंच खडी थी. बोली, बोल देव कागज नीचे पडा था, उठा के चिपका दिया, साब का नाम नक्को लेव. मैं बोला, काइकू? साब पढे-लिखे आदमी हैं, पूछे तो बोल देंगे. अब वो रोज मेरेकू ये बात सुनाती."

चहा प्यायलो. कपाच्या तळाशी साखर राहिली होती. ते पुन्हा कामाला लागले, आणि मी उठलो.

महिन्याभराने वार्षिक सभा होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पत्र मी लिहिलं. लावायला मी सांगितलं. अध्यक्षांशी फोनवर मी खोटं बोललो. तोवर युद्धाची गोष्ट शिळी झाली होती आणि हे बोलण्यात मला कसलाच धोका नव्हता, हे मला ठाऊक होतं. तेही म्हणालो. खाली बसलो, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, एवढं कोण कबूल करतं आजकाल? अध्यक्ष माझ्या मनाच्या मोठेपणाबद्दल दोन शब्द बोलले. बाई आणि इंजिनिअर शेजारी बसले होते, त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

बाइंडरचं काम पुन्हा सुरू करावं आणि त्यांना दिलगिरीचं पत्र द्यावं असं ठरलं. अध्यक्ष म्हणाले, "चिटणीस, मसुदा तुम्हीच करा." मी नाही म्हणालो. ज्यांनी ठराव केला त्या सहाही जणांनी अफझलगंजला जाऊन तोंडाने सांगावं, असं मी सुचवलं. ते कुणाला सोयीचं वाटलं नाही. शेवटी अध्यक्षांनी चार ओळी लिहून वॉचमनच्या हाती पाठवल्या. मी चिटणीसपद सोडलं.

पंधरा दिवसांनी बाइंडर आले. काम स्थगित होण्याआधी नेलेली आमची पुस्तकं त्यांच्याकडे राहिली होती, ती सगळी बांधून आणली होती. नव्या कापडाच्या पाठी, शिवण सरळ. नवे चिटणीस फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा पुढे करू लागले, तर ते हात जोडून म्हणाले, "काम बहुत हो गया साब. आजकल टाइम नई मिलता."

मी व्हरांड्यात होतो. त्यांच्याबरोबर गेटापर्यंत गेलो, मुख्य रस्त्यापर्यंत गेलो. वाटेत त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, बायकोच्या गुडघ्यांचं विचारलं. मी एवढंच म्हणालो की आप आते रहो भाई, काम नहीं तो भी. ते म्हणाले, "देखते साब." अफझलगंजकडे जाणारी बस आली. ते चढले, खिडकीपाशी जागा मिळाली तिथे बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत.